सासूबाईंचं बडोदं आणि यजमानांची यादी

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. घरात मी, यजमान, नववीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि 76 वर्षांच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा आणि तिथल्या बागा बघायला जायचं घाटतंय. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या गाडीने निघायचं आणि दोन दिवसांत राजवाडा, पावागड, स्टॅच्यू ऑफ युनिटी करून परतायचं, असं यजमानांनी वहीत आखून ठेवलंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या म्हणतात, तुम्ही जा, मी घर सांभाळते. तसं त्यांचं लहानपण बडोद्यातच, दांडिया बाजारात गेलंय, त्यामुळे त्यांना त्यात नवीन काही नाही. मला मात्र राजवाड्याच्या बागेत पैठणी नेसून सगळ्यांचे फोटो काढायची फार हौस आहे. मुलगा म्हणतो, बोअर होईल. सगळ्यांचं मन राखून हे कसं जमवावं?
— एक सून, ऐरोली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात बाग आहे, फोटो आहेत, पावागड आहे आणि मध्येच एका ओळीत सासूबाईंचं अख्खं लहानपण उरकलंय. तेही 'नवीन काही नाही' असं म्हणून. अहो, दांडिया बाजारात वाढलेली मुलगी लग्न होऊन इकडे आली, इथेच म्हातारी झाली आणि आता घरातले सगळे तिच्या माहेरगावी निघाले असताना ती म्हणते, मी घर सांभाळते. गावाची ओढ नाही म्हणून ती तसं म्हणत नाही. आपल्या गुडघ्यांपायी पोरांचा बेत रखडेल ही धास्ती असते. यजमानांची वही त्यांनी नक्की पाहिलेली आहे. ती पाहून माझेसुद्धा गुडघे दुखायला लागले.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. ही सहल सासूबाईंच्या पायांच्या हिशेबाने आखा आणि त्यांना जे बघायचं असेल ते सगळ्यात आधी ठेवा. राजवाडा त्यात आरामात बसतो. पावागड अर्धामुर्धा बसवता येईल. स्टॅच्यू ऑफ युनिटी बसत नाही, ती या खेपेला वहीतून खोडा.

यजमान रागावतील, म्हणून कारण देते. पुतळा 182 मीटर उंच आहे, बघण्यासारखा आहे, वाद नाही. पण तो बडोद्यात नाही. तो एकता नगरला, म्हणजे पूर्वीच्या केवडियाला, बडोद्यापासून सुमारे 90 किलोमीटरवर. जाऊन-येऊन, रांगा धरून, पूर्ण दिवस जातो. त्यासाठी दादरहून एकता नगरला थेट रेल्वे आहे, वेगळी सहल करा. पावागडाचं म्हणाल तर तिथे रोपवे आहे म्हणून लोक बिनधास्त आजीआजोबांना घेऊन जातात आणि वर पोचल्यावर कळतं की कालिकामातेच्या देवळापर्यंत अजून पायऱ्याच पायऱ्या आहेत. सासूबाईंना खाली बसवून आपण दर्शन घेऊन यायचं, यात कुणालाच गंमत नाही.

आता तारीख. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघू नका. गुजरातेत दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, व्यापारी सुट्टीवर असतात. पुष्कळ दुकानं बंद, खाण्याची चांगली ठिकाणं बंद, जुन्या बाजारपेठेत शुकशुकाट. त्यातून मुंबईकडचा निम्मा गुजराती समाज त्याच दिवसांत गावी गेलेला असतो, म्हणजे परतीच्या गाड्या तुडुंब. लाभपंचमी होऊ द्या आणि शाळेची सुट्टी शिल्लक असेल तर त्यानंतर जा. नाहीतर सरळ नाताळची सुट्टी धरा. डिसेंबरात बडोद्याची हवा छान असते, उन्हात हिंडता येतं, संध्याकाळी सासूबाईंना शाल लागेल एवढाच गारवा. संक्रांतीचे दिवस मात्र टाळा. 14 आणि 15 जानेवारीला तिकडे उत्तरायण, सगळं शहर गच्चीवर आणि रस्त्यावर मांजा. उन्हाळ्याचा तर विचारच नको, एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या वरचा पारा. आणि कुठल्याही महिन्यात जा, सोमवार मधे येऊ देऊ नका. राजवाडा सोमवारी बंद असतो. लग्नसराईत आवारात मोठमोठे समारंभ होतात, नवरात्रात त्या बाजूला गरब्याची झुंबड असते. म्हणून निघण्याच्या आठवड्यात एक फोन करून चौकशी करा. तिकिटाचे दर आणि वेळा तेव्हाच विचारून घ्या, ते बदलत असतात. फाटकापासून दारापर्यंत गाडी जाते का, आत चाकाची खुर्ची मिळेल का, पायऱ्या कुठे आणि किती, हेही त्याच फोनवर विचारा. ऐन वेळी फाटकावर उभं राहून हे विचारायला लागलं की सासूबाई लगेच म्हणणार, मी इथेच बसते.

गाडीने जाऊ नका, रेल्वेने जा. ऐरोलीहून बडोदं चारशे किलोमीटरच्या आसपास. घोडबंदर, वसई, मनोर करत जाताना वाहतूक चांगली लागली तरी सात-आठ तास धरा, आणि ती चांगली लागतेच असं नाही हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक! दुखरे गुडघे मुडपून एवढा वेळ मागच्या सीटवर बसायचं म्हणजे उतरल्यावर दुसरा दिवस हॉटेलच्या पलंगावरच. आपल्या बाजूच्या लोकांची एक अडचण खरी आहे, बडोद्याच्या बहुतेक गाड्या पश्चिम रेल्वेवरून सुटतात. त्यावर उपाय बोरिवली. वंदे भारत आणि शताब्दी दोन्ही पहाटे मुंबई सेंट्रलहून निघून बोरिवलीला थांबतात आणि दुपारच्या आत बडोद्याला सोडतात. चारच्या सुमाराला टॅक्सी सांगून ठेवा, त्या वेळी घोडबंदर रस्ता बराच मोकळा असतो. ठाणे-बोरिवली बोगदा होईल तेव्हा होईल, तोवर हेच. दोन्ही गाड्यांना आठवड्यातला एक वार सुट्टी असते, तो बघूनच तारीख धरा. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 दिवस नाही. शोधताना 'वडोदरा' असं टाका, पाटीवरही तेच नाव आहे. बोरिवलीला कुठल्या फलाटावर लिफ्ट आणि सरकता जिना आहे ते यजमानांना आधी एकदा बघून यायला सांगा. वहीवाल्या माणसाला असं काम दिलं की तो खूश असतो.

दोन रात्री राहा. स्टेशनजवळच्या सयाजीगंज भागात हॉटेलं पुष्कळ आहेत. लिफ्ट आणि कमोड आहे ना एवढं पक्कं करा, बाकी तुमच्या ऐपतीने.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी दुपारी जेवण, झोप, आणि संध्याकाळी दांडिया बाजार. राजवाडा नाही. असं का, तर सहलीत काहीतरी लांबतंच, कुणाचं पोट बिघडतं, आणि मग कात्री लागते ती शेवटच्या दिवसाला. सासूबाईंचं ठिकाण शेवटी ठेवलंत तर तेच कापलं जाईल आणि त्याच सगळ्यात आधी म्हणतील, राहू द्या गं.

त्यासाठी आतापासून एक काम करा. दुपारच्या चहाला त्यांच्याजवळ बसा आणि घराचा पत्ता विचारू नका, खुणा विचारा. शाळा कोणती, पाणी कुठून भरायचं, कुठल्या देवळात कीर्तन असायचं, नाक्यावर दुकान कोणाचं होतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा घरनंबर आज उपयोगाचा नाही, देवळं आणि शाळा मात्र बहुधा जागेवर असतात. त्यांचं घर उभं असेलच असं नाही. जुन्या वाड्यांच्या जागी तिकडेही इमारती झाल्यात. तशी तयारी ठेवा आणि घर सापडलं नाही म्हणून हळहळत बसू नका, त्या स्वतः तुमच्यापेक्षा लवकर सावरतील. त्या भागातला तांबेकर वाडा मात्र आहे. बडोद्याच्या दिवाणाचा हा लाकडी वाडा, आत 19व्या शतकातली भित्तिचित्रं, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. रामायण, महाभारत, कृष्णलीला यांच्या शेजारी अगदी मराठी चेहऱ्यामोहऱ्याची माणसं रंगवलेली आहेत. जिने अरुंद आहेत, सासूबाईंना वर चढवू नका. संध्याकाळपर्यंत तो बंद होईल असं वाटलं तर दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन तुम्ही जाऊन या.

तिथून सूरसागर तलाव जवळ आहे. काठावर टेकायला जागा मिळते. तलावाच्या मधोमध शंकराची भलीमोठी मूर्ती दिसेल, ती सासूबाईंच्या लहानपणी नव्हती, तेव्हा त्या चकित होतील. त्यांना बोलू द्या. त्यांच्या लहानपणी बडोदं आणि ठाणं एकाच राज्यात होतं, 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि 1960 मध्ये गुजरात वेगळं झालं. मुलाला हे पुस्तकात आहे, आजीने ते राहून पाहिलंय. त्याच्या फोनमध्ये तिचं बोलणं रेकॉर्ड करायचं काम त्याला द्या. उपदेश न करता, नुसतं काम म्हणून.

दुसरा दिवस राजवाड्याचा. उघडताच आत जा. इथे तुमच्या अपेक्षा थोड्या खाली आणते, म्हणजे तिथे गेल्यावर हिरमोड नको. 'बकिंगहॅमच्या चौपट मोठा' हे वाक्य फोनवर सगळीकडे फिरतं, मुलांना ते सांगून नेऊ नका. वास्तू अवाढव्य आहेच, पण ते गायकवाडांचं राहतं घर आहे. घराण्यातली माणसं आजही तिथे राहतात आणि आपल्याला मोजकी दालनं बघायला मिळतात. मोठा आकडा ऐकून गेलेली मुलं बाहेर येऊन विचारतात, एवढंच? जेवढं उघडं आहे तेवढं मात्र सावकाश बघावं असं आहे. तिकिटाबरोबर कानाला लावायचं ध्वनिमुद्रण मिळतं, ते नक्की घ्या. पाचही जणांनी एकाच वेळी बटण दाबायचं, नाहीतर एक तलवारीपाशी, एक झुंबरापाशी आणि तुम्ही सगळ्यांना शोधत.

दरबार हॉलमध्ये गेल्यावर आधी खाली बघा, मग वर. जमीन व्हेनिसच्या धर्तीच्या मोझेकची, लहान लहान तुकडे बसवून केलेली. खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच. याच दरबारी परंपरेतले उस्ताद फैयाज खाँ. सासूबाईंना गाण्याची आवड असेल तर त्यांना हे नाव पुरेल. हिराबाई बडोदेकरांच्या आडनावातलं बडोदं ते हेच, त्यांचे वडील अब्दुल करीम खाँ इथल्या दरबारात होते. बाहेर इटालियन पद्धतीचा चौक आहे, कारंजी आहेत. जागोजागी फेलिची या इटालियन शिल्पकाराचे पुतळे, काशाचे, संगमरवरी आणि भाजल्या मातीचे. शस्त्रागारात मुलगा रमेल, त्याची काळजी नको.

तुम्ही कोल्हापूरचा न्यू पॅलेस पाहिला असेलच, मुलांना शाळेच्या सहलीत दाखवतातच. तो आणि हा, दोन्हींचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या एकाच माणसाचा. कोल्हापूरचा काळ्या दगडातला, घड्याळाच्या मनोऱ्याचा. बडोद्याचं रूप वेगळं, पण घुमट, कमानी, झरोके यांची तीच सरमिसळ. घुमटी पाहिली की मशिदीची आठवण होते, झरोका पाहिला की राजस्थानची, आणि मध्येच एखादी कमान थेट चर्चमधली. मुलाला हा खेळ लावून द्या, कोणता तुकडा कुठला ते ओळखायचा. मँट 1881 साली गेला. आपलं गणित चुकलंय, इमारत कोसळेल, या भीतीने त्याने जीव दिला असं सांगतात. पुढचं काम चेन्नईतल्या चेपॉकचं सिनेट हाउस बांधणाऱ्या रॉबर्ट चिझमने केलं आणि 1890 मध्ये वाडा पुरा झाला. खर्च त्या काळचे सुमारे 1,80,000 पौंड सांगतात. इमारत अजून हललेली नाही.

आणि ज्याच्यासाठी ती बांधली तो सयाजीराव. मालेगावकडच्या कवळाणे गावातला गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा, 1875 मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला तेव्हा बारा वर्षांचा, तुमच्या चिरंजीवांपेक्षाही लहान. तोवर शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्याच माणसाने 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. नववीतल्या मुलाला राजवाडा बोअर वाटू शकतो, ही गोष्ट वाटणार नाही. फक्त ती गाडीत सांगा, दरबार हॉलमध्ये नको. तिथे तो काचा बघत असेल.

आता बागा, म्हणजे तुमची पैठणी. आवार पाचशे एकरांच्या घरातलं. त्याची आखणी लंडनच्या क्यू उद्यानातून आलेल्या विल्यम गोल्डरिंगने केली. पण म्हैसूरच्या वृंदावन बागेसारख्या रांगोळीवजा ताटव्यांची आणि रंगीत कारंज्यांची अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल. इथे बाग म्हणजे दूरवर पसरलेली हिरवळ, मोठी जुनी झाडं आणि त्यामागून हळूहळू दिसणारा वाडा. बाग बघायची नसून बागेतून वाडा बघायचा, अशी ती योजना आहे. शिवाय त्या हिरवळीचा मोठा भाग आता गोल्फसाठी आहे, तिथे आपल्याला हुंदडता येत नाही. 15व्या शतकातली नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, याच आवारातली, पण तिथपर्यंत सोडतील असं धरून चालू नका. आतल्या दालनांत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा झुंबराखालच्या फोटोचा विचार सोडा. दर्शनी बाजूला, हिरवळीपुढे, वाडा मागे धरून फोटो छान येतो. पैठणी नेसा, पण चपला चालायच्या घाला, आणि फोटो आत जाण्याआधी काढा. दोन तासांनी मुलीची वेणी सुटलेली असेल आणि यजमानांचा चेहराही.

क्रिकेटचा विषय घरात असेल तर मोतीबाग मैदान याच आवारात आहे. पठाण बंधू, पांड्या बंधू सगळे बडोद्याच्या क्रिकेटमधूनच वर आले. मुलासाठी मी हा पत्ता राखून ठेवला होता.

आवारातच महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. त्याचं तिकीट वेगळं असलं तरी सोडू नका, मला विचाराल तर राजवाड्याहून ते सरस. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत. सयाजीरावांनी दरबार हॉलसाठी त्याच्याकडून पौराणिक प्रसंगांची चौदा चित्रं करवून घेतली होती. या कामातून त्याचं नाव घरोघरी गेलं, आणि पुढे त्याने छापखाना काढला. तो छापखाना नंतर आपल्या लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. आपल्या आज्यांच्या देवघरात असायची ती लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रं त्याच छापखान्यातली. सासूबाईंना बाकावर बसवून एखाद्या चित्रापुढे दहा मिनिटं द्या. रविवर्म्याच्या बायका पुष्कळदा नऊवारीत असतात. काष्टा कसा खोचलाय, पदराची जर कुठे दुमडलीय आणि दुमडलेल्या जागी सोनेरी रंग कसा मळकट पिवळा झालाय, हे नऊवारी नेसलेल्या बाईला जेवढं दिसतं तेवढं आपल्याला दिसत नाही. छापील चित्रात तर हे दिसतच नाही, तिथे जर म्हणजे नुसता पिवळा पट्टा.

एवढं झालं की पुरे. दुपारी सगळ्यांनी झोपायचं, यजमानांनीसुद्धा.

संध्याकाळी सयाजीबाग. जुने लोक हिला कमाटीबाग म्हणतात, सासूबाईही तेच म्हणतील. खरं तर तुमच्या मनात जी 'राजाची बाग' आहे ती ही. 1879 साली सयाजीरावांनी विश्वामित्री नदीकाठी लोकांसाठी केलेली, शंभरावर एकरांची. फुलांचं घड्याळ आहे, प्राणिसंग्रहालय आहे. बागेतलं बडोदा संग्रहालय दिवसा बघावं लागेल. तिथे इजिप्तची ममी आहे आणि निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा. तुमच्या मुलीला बडोद्याहून काय आठवेल असं विचाराल तर मी देवमाशावर पैज लावीन. विश्वामित्रीत मगरी आहेत, भर शहरात, खऱ्याखुऱ्या. पुलावरून बघा, काठाला उतरू नका.

याच बागेच्या परिसरात संकल्पभूमी आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले, आणि 1917 मध्ये त्याच संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले तर जातीमुळे त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. या बागेत झाडाखाली बसून त्यांनी जो निश्चय केला त्याचं हे स्मारक. सकाळी दरबार हॉल पाहून आलेल्या मुलाला संध्याकाळी इथे उभं करा. राजा एक करतो आणि गाव दुसरं करतं, हे त्याला कुणी समजावून द्यावं लागणार नाही.

तिसऱ्या दिवशी यजमानांची वही उघडायला हरकत नाही. ते आणि मुलगा भल्या पहाटे गाडी करून चांपानेरला जाऊन येऊ शकतात, 50 किलोमीटरच्या आसपास आहे. पावागडाच्या पायथ्याशी गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याची राजधानी होती, 2004 पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. तिथली जामा मशीद सपाटीवर आहे, कोरीवकाम अप्रतिम, गर्दी थोडी. वर चढायचं की नाही ते दोघांनी घड्याळ बघून ठरवावं. तोवर तुम्ही तिघी बडोदा संग्रहालय करा, नाहीतर सासूबाईंना सकाळी पुन्हा दांडिया बाजारात जावंसं वाटलं तर तिकडे. दुपारनंतर परतीच्या गाड्या आहेत, रात्री बोरिवली.

खाण्याचं फार सांगत नाही. सेव उसळ मात्र सकाळीच खा. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर तिखट तर्री आणि मूठभर जाड शेव. मराठी घरांतून ती तिकडे रुजली असं बडोदेकर मराठी लोक सांगतात आणि गुजराती लोक ते ऐकून घेतात. मुलीसाठी तर्री वेगळी मागा. घरी आणायला लीलो चिवडा घ्या, बटाट्याचा, ओलसर, आंबटगोड. तो फार दिवस टिकत नाही, तेव्हा शेजारी वाटण्याचं काम आल्या दिवशीच उरका. गाडीत मात्र दशम्या आणि चटणी घरचीच न्या, सासूबाईंना पहाटे काहीतरी पोटात घालून गोळी घ्यावी लागत असणार.

आणि समजा आरक्षण मिळालंच नाही, तर हट्टाने गाडी काढून बडोद्याला जाऊ नका. जव्हारला जा. 2014 मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत तो आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. मुकणे राजघराण्याचा जय विलास वाडा गावाबाहेर झाडीत उभा आहे, लक्ष्मी विलासपुढे अगदी लहान, पण एका दिवसात जाऊन येता येतं. ती घराण्याची खासगी मालमत्ता आहे, आत सोडतात का हे आधी विचारून घ्या. भिवंडी-वाडा रस्त्याचे हाल ज्याला माहीत आहेत त्याला मी वेगळं काय सांगू, सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा आणि पाठीला उशी द्या. पावसाळा संपताना गेलात तर वाटेतला हिरवा डोंगरच निम्मी सहल वसूल करून देतो. तिथे हॉटेलांचा भरवसा धरू नका, डबा न्या.